कोरड्यावरचं माप

३ एप्रिल

आज इंजिन बंद पडलं, आणि तेही बंदराच्या तोंडाशी, सगळ्यांच्या देखत. गाळ उपसणाऱ्या बार्जने दोर टाकून मला परत ओढत आणलं. बार्जवरच्या लोकांनी काही विचारलं नाही, पण एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं ते मी पाहिलं. त्याचा चेहरा लक्षात ठेवला आहे.

वही आजपासून सुरू. डॉक्टरीणबाईंनी मागेच सांगितलं होतं, राग कागदावर उतरवा म्हणजे रक्तदाब खाली येईल. राग खाली यावा असं मला वाटत नव्हतं म्हणून लिहिलं नव्हतं. आता लिहिते ते नोंद राहावी म्हणून.

तर नोंद अशी. चोवीस मेला तो साठ वर्षांचा होतो. तो म्हणजे माझा नवरा, सत्तावीस वर्षं होता, तीन वर्षांपूर्वीपर्यंत. सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. कुठल्या जहाजाचा कॅप्टन कोण जाणे, जन्मभर विमा कंपनीत टेबलावर बसला. पण सुट्टीच्या दिवशी ही बोट आणि डोक्यावर निळी टोपी, की झाला कॅप्टन. मी दोर धरायची. "तो नाही, तो दुसरा" हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकलं आहे, बहुतेक वेळा पाहुण्यांसमोर.

वाटणीत मी घर सोडलं आणि बोट घेतली. वकीलबाईंनी दोनदा विचारलं, नक्की ना? मला बोटीचं काही प्रेम नव्हतं. त्याला होतं, म्हणून घेतली. वकीलबाईंच्या ऑफिसातच मी त्याला पहिल्यांदा "अहो" सोडून "तू" म्हटलं. त्याचा चेहरा बोट गेल्यावर पडला त्यापेक्षा तेव्हा जास्त पडला.

आता तो आणि नवी इथून तीन दिवसांच्या पल्ल्यावर राहतात. खाडीच्या काठी घर, पुढे व्हरांडा, पायऱ्या उतरून स्वतःची जेट्टी. चोवीसला दुपारी जुनी बोटवाली मंडळी तिथे जेवायला येणार. एक वाजता मी खाडीत शिरणार, इंजिनावर, एकटी. व्हरांड्यासमोर नांगर टाकून खुर्ची काढून बसणार. एक अक्षर बोलणार नाही, नुसती दिसणार. बोट तोवर पिवळी झालेली असेल. पिवळा रंग टपऱ्यांना देतात, असं तो म्हणायचा.

७ एप्रिल

क्रेनने बोट उचलून यार्डात टेकूंवर ठेवली. मी वरच राहते. खाली उतरायला बारा पायऱ्यांची शिडी, पाणी नळावरून बादलीने. जमिनीवर उभ्या असलेल्या बोटीत राहणं म्हणजे माळ्यावर राहण्यासारखं आहे, फक्त माळा जरा कलता.

यार्डाचा फिटर सत्तरीचा असेल. कशाबद्दलही विचारलं की "बघू" म्हणतो. कधी होईल? बघू. होईल ना? बघू. मी त्याचं नावच बघू ठेवलं आहे. त्याने इंजिनात डोकं घालून अर्धा तास काढला आणि बाहेर येऊन विचारलं, "हे बसवलं कोणी?"

"आमच्या कॅप्टननी. स्वतःच्या हातांनी."

"हं," बघू म्हणाला, आणि हात पुसत बसला. त्या "हं"साठी मी त्याला चहा दिला.

संध्याकाळी भांडी विसळली. बोट जमिनीवर आहे हे विसरले. मोरीचं पाणी बुडाच्या भोकातून सरळ बघूच्या डोक्यावर. तो दोन पावलं बाजूला सरकला.

११ एप्रिल

इंजिनाला गार ठेवायला समुद्राचं पाणी आत खेचणारा एक रबरी पंखा असतो, तळहाताएवढा. त्याच्या सहा पाकळ्या. आमच्याला दोन उरल्या होत्या. बघू म्हणाला, बाकीच्या चार कुठेतरी नळीत अडकल्यात, त्या शोधायच्या, नाहीतर नवा पंखा घालूनही उपयोग नाही.

नळी उघडली. चार नाही, अकरा निघाल्या. म्हणजे कॅप्टनने दर वेळी नवा पंखा घातला आणि तुटलेल्या पाकळ्या आतच राहू दिल्या. मी त्या धुऊन, पुसून काचेच्या बरणीत ठेवल्या आहेत. पुरावा आहे.

१५ एप्रिल

लेकीचा फोन. ती महिन्यातून दोनदा तिकडे जाते, दोनदा इकडे येते. मी विचारत नाही, तीच सांगते.

"बाबा हल्ली गाडी चालवत नाहीत."

"ड्रायव्हर ठेवला वाटतं. कॅप्टनचा बडेजाव."

"नाही ग. मावशी चालवते."

मावशी म्हणजे नवी. पोरीला नातं जोडायची घाई. मला बहीण नाही, असती तर ती अशी नसती. पण एवढं लिहून ठेवते की जो माणूस मला सत्तावीस वर्षं गाडीच्या चाकाला हात लावू देत नव्हता, तो आता शेजारच्या सीटवर बसून बाहेर बघत फिरतो. नवी राणी नवा दरबार.

इंजिनाचं पुस्तक त्याच्याकडे राहिलंय. लेकीबरोबर दोन ओळींची चिठ्ठी पाठवते.

१९ एप्रिल

पंप उघडला. बंद केला. परत उघडला.

२३ एप्रिल

पंपाचं कव्हर आलं. उलट्या बाजूचं आलं. डिलिव्हरीवाल्याशी भांडले, दुकानदाराशी फोनवर भांडले, बघूशीही भांडायला गेले तर तो म्हणाला, "मागवताना इंजिन समोरून बघून डावं म्हणालात की मागून बघून?"

मागून बघून. कारण बावीस वर्षं मी मागूनच बघत आले. मी तसं त्याला सांगितलं नाही. दुसरं मागवलं आहे. नऊ दिवस.

२८ एप्रिल

पार्सल आलं, इंजिनाचं पुस्तक. सोबत चिठ्ठी नाही, एक ओळ नाही. वरचा पत्तासुद्धा नवीच्या अक्षरात. माझ्यासाठी पेन उचलायलाही याला कमीपणा. लेकीला फोन करून चांगलं सुनावलं.

"आई, तुझी चिठ्ठी मी वाचून दाखवली त्यांना. लगेच म्हणाले, पाठवून दे."

"वाचून दाखवली? महाराजांना आता वाचायलाही माणूस लागतं?"

ती गप्प. मग म्हणाली, "आई, एक सांगायचंय तुला. पण त्यांनी शपथ घातलीय."

"मग पाळ शपथ. त्यांची गुपितं त्यांच्या घरात राहू देत. आणि मी चोवीसला येतेय, तेही त्यांना सांगायचं नाही. तुला माझीही शपथ."

"आई, तुला त्यांना जे दाखवायचंय ना..."

"काय?"

"काही नाही. जेवलीस का?"

पोरगी बापाच्या बाजूला झुकतेय. ठीक आहे, चोवीसला सगळ्यांनाच कळेल.

२ मे

रंग सुरू. पहिला हात. पिवळा म्हणजे किती पिवळा, तर शेजारच्या बोटीवरचे म्हातारे गृहस्थ सकाळी खिडकीतून बघून म्हणाले, "अरे बापरे." मला हेच हवं होतं.

जुनं नाव पुसून टाकलं. नवं घातलं नाही. बघूने विचारलं, नाव काय टाकायचं? मी म्हटलं, बघू. तो पहिल्यांदा हसला. त्याला त्याचं टोपणनाव माहीत आहे हे मला तेव्हा कळलं.

५ मे

डिझेलच्या टाकीच्या तळाशी हाताचं बोट बुडेल एवढा काळा गाळ. बघू म्हणाला, टाकी रिकामी करून आतून घासावी लागेल, पण त्या झाकणातून त्याचा हात जात नाही. माझा जातो. दोन दिवस मी खांद्यापर्यंत हात घालून पालथी पडून होते. घासताना प्रत्येक फटक्याला कॅप्टनला एक एक वाक्य ऐकवलं. काही वाक्यं सत्तावीस वर्षं तयार होती, काही तिथेच सुचली. वर आले तेव्हा केसांना, कानांना डिझेल. अंगाला अजून वास येतो. झोप मात्र छान लागली.

९ मे

आज महत्त्वाचं काम निघालं.

हे इंजिन त्याने बसवलं तेव्हा लेक दोन वर्षांची होती. त्या दिवसापासून त्यात एक ठोका आहे. मध्यम वेगाला पायाखालून यायचा, ठक, ठक, जरा थांबून परत ठक. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, अहो, काहीतरी ठोकतंय. तो म्हणाला, तो तिचा स्वभाव आहे. पुढच्या वर्षी परत म्हटलं. मग पाहुणे असताना म्हटलं, तेव्हा तो सगळ्यांकडे बघून म्हणाला, "हिच्या हातून चमचा पडला तरी हिला वाटतं इंजिन बिघडलं." सगळे हसले. मीही हसले. ते हसू मला आजही गालावर जाणवतं. त्यानंतर मी ठोक्याबद्दल बोलले नाही. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट बुडातून बाहेर पडतो तिथून पाणी गळायचं, ते उपसायचं काम मात्र माझंच.

आज बघूला हे सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नसतील. दोघांच्या मध्ये दोन चकत्या समोरासमोर येतात, त्यांच्यातली फट चारी बाजूंनी सारखी पाहिजे. धातूच्या पातळ पत्त्या फटीत सरकवून मोजायची. इंजिनाचे चार रबरी पाय वरखाली करून जुळवायची.

"मी करते," मी म्हटलं.

"तुम्ही?"

"मी चाळीस वर्षं शिवणकाम केलंय. केसाएवढा फरक मला बोटाला कळतो."

"बघू," बघू म्हणाला.

१३ मे

चार दिवस. वर दोन फेरे, खाली अर्धा, डावीकडे किंचित, परत मोजणं. गुडघे सोलले. पण आज चारी बाजूंना एकच पत्ती जाते आणि तिच्यावरची जात नाही. बघूने स्वतः चारदा मोजून पाहिलं आणि म्हणाला, "माझ्याहून चांगलं जुळलंय. पाण्यात गेल्यावर परत बघू." मला पहिलंच वाक्य ऐकू आलं.

आता फक्त तो ठोका नसलेलं इंजिन त्याच्या व्हरांड्यासमोरून न्यायचं आहे. येतील ना सगळे हसणारे. बसतील ना ओळीने.

बघू म्हणाला, तुम्ही निघालात त्या खाडीकाठच्या घरी मागच्या महिन्यात एक वस्तू माझ्याकडूनच गेली होती. जाड दोर, हातभर अंतरावर गाठी मारून. घरापासून जेट्टीच्या टोकापर्यंत खांबांना बांधायचा होता. मी म्हटलं, साठीची सजावट. वर दिवे सोडणार असतील. कॅप्टनला समारंभ लागतो.

१७ मे

बोट पाण्यात उतरली. सहा आठवडे कोरड्यावर राहिल्याने फळ्या आकसल्या होत्या, थोडं पाणी आत आलं, येतंच म्हणे. पंपाने उपसलं. बघू म्हणाला, पाच-सहा दिवस अशीच तरंगू द्या.

पाच-सहा दिवस? आज सतरा. तीन दिवसांचा पल्ला. मी म्हटलं, मी उद्या निघते, वाटेत दोन-तीन दिवस हाताशी असलेले बरे. तो काहीतरी सांगत होता. मी शिडं तपासायला गेले.

१८ मे

सकाळी सहाला निघाले. पहिले पाच तास मी आयुष्यात कधी नव्हते इतकी खूश होते. ठोका नाही. इंजिनाच्या झाकणावर चहाचा कप ठेवला, चहा हलला नाही. मी एकटीच मोठ्याने बोलले, ऐक, ऐक म्हणून.

अकराच्या सुमाराला पायाखाली ठक.

मला वाटलं भास आहे. मग परत. मग शाफ्टपाशी पाणी गळायला नव्हे, वाहायला लागलं. झाकण उघडलं तर पुढचा एक रबरी पाय फाटून इंजिन तिरकं झालेलं. वेग एकदम कमी करून, एका हाताने सुकाणू आणि पायाने पंपाचं बटण दाबत परत फिरले. घाबरले होते का? हो. पण त्याहून जास्त, त्याने हे पाहिलं असतं तर, याचा विचार करत होते.

बघू धक्क्यावर उभाच होता.

"लाकडी बूड आहे, बाई. कोरड्यावर वेगळं असतं, पाण्यात वेगळं बसतं. लाकूड फुगतं, आकार बदलतो. पाच-सहा दिवस थांबून मग माप घ्यायचं असतं. मी म्हटलं होतं."

"तुम्ही बघू म्हणालात."

"तेच म्हणालो."

नवे रबरी पाय पंचवीसला येतील. म्हणजे चोवीस गेली.

मी इंजिनाशेजारी फळीवर बसून राहिले आणि मग मला आठवलं. त्याने इंजिन बसवलं तो शनिवार. सकाळी यार्डात माप घेतलं आणि संध्याकाळी बोट पाण्यात, कारण रविवारी मित्र येणार होते. तारीख मला पाठ आहे. लेकीला ताप होता, मी येत नाही म्हटलं होतं, तरी रविवारी जावं लागलं. नंतर त्याने ते माप परत कधी घेतलं नाही. त्याचा स्वभाव, तिचा नव्हे.

बावीस वर्षांचा ठोका, आणि चूक एवढीशी. मला इतका आनंद झाला की मी बघूला मिठी मारली. तो बिचारा ग्रीसचे हात वर धरून उभा. पोटात ठेवलेली गोष्ट आता मी बोटाने दाखवू शकते, कुठली चकती, कुठली बाजू, किती फट. पिवळा रंग राहू दे बाजूला. आता मी बोलणार.

हीच चूक मीही केली हे खरं. पण मी ती त्याच दिवशी मान्य केली.

२४ मे

एक वाजला. मी बोटीतच.

लेकीने तिकडून फोन केला. मागे माणसांचा गलका. म्हणाली, "बरं झालं आज नाही आलीस. बाबा इथे नाहीतच, जेवण सोडून जेट्टीवर जाऊन बसलेत एकटे." घरभर पाहुणे आणि हा एकटा जाऊन बसला. नाटकं. कुणीतरी समजूत काढायला यावं म्हणून. पूर्वी मी जायची.

"मावशी गेली का बोलवायला?"

"गेली होती. परत आली. म्हणाली, बसू दे त्यांना."

नवीला अक्कल आहे म्हणायची. मला ती यायला वीस वर्षं लागली.

२७ मे

पाण्यात माप घेतलं. कोरड्यावरच्या मापाशी त्याचा काही संबंध नाही, मागची बाजू दोन पत्त्या जातील एवढी उघडी. परत जुळवलं. या वेळी बघूने हात लावला नाही, बसून बघितलं. संपल्यावर म्हणाला, "आता निघा."

मी विचारलं, "बघू नाही?"

"बघितलं."

३१ मे

पोचले. आता रात्र व्हायची आहे, पुढच्या वळणावर नांगर टाकला आहे. सगळं क्रमाने लिहिते.

तिन्ही दिवस समुद्र सपाट, वाऱ्याचं नाव नाही. सगळा पल्ला इंजिनावर. बारा वाजून दहा मिनिटांनी खाडीत शिरले. मी स्वच्छ कपडे घातले होते. अकरा पाकळ्यांची बरणी समोर ठेवली होती, दाखवायला.

घर लेकीने सांगितलं तसंच. जेट्टीच्या टोकाला खुर्ची, खुर्चीत तो, डोक्यावर निळी टोपी. बारीक झालाय. मी सरळ त्याच्या अंगावर जावी तशी बोट नेली. तो उठला, माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाला, "जरा डावीकडून या. उजव्या हाताला खडक आहे, पाणी कमी असलं की टेकतो."

"या" म्हणाला. मला. मी म्हटलं, बरं, ओळख द्यायची नाही असं ठरवलंय तर. पिवळी बोट पंधरा हातांवर, आणि चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. मी दात-ओठ खात डावीकडून घेतली. नांगर टाकायचा बेत होता, पण त्याने दोरासाठी हात पुढे केला, आणि बावीस वर्षांची सवय, माझ्या हातांनी दोर उचलून फेकला. इंजिन बंद केलं.

"इंजिन सुरेख ठेवलंय तुम्ही," तो म्हणाला. "आमच्याकडे होतं याच जातीचं. पण ते असं कधी चाललं नाही."

दोर त्याच्या पायाशी उजवीकडे पडला होता. तो वाकला आणि डावीकडच्या फळ्या हाताने चाचपायला लागला. चाचपत पुढे. एक पाऊल, मग दुसरं. जेट्टी तिथे संपते.

"अहो, थांबा. पुढे पाणी आहे."

तो थांबला. वाकल्या वाकल्याच मान माझ्या आवाजाकडे वळवली. "तू?" म्हणाला.

कठड्यावर तो गाठींचा दोर बांधलेला होता, घरापासून इथपर्यंत. त्याच्यावर दिवे नव्हते. मग मला कळलं, सगळंच कळलं, लेकीचं गप्प होणंसुद्धा. आणि खरं लिहायचं तर पहिल्यांदा दया आली नाही. संताप आला. दोन महिने पालथी पडून मी ही बोट उभी केली, रंगाचे तीन हात दिले, आणि हा बघूच शकत नाही. परत सुटला. याला नेहमीच सुटायला जमतं.

नवी पायऱ्या उतरून आली. साधीच बाई आहे, पायात रबरी चपला. बोटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "रोज इथेच बसतात. बोट आली की इंजिनावरून सांगतात कुणाची ते. तुमची आली की सांगेन म्हणाले होते." मग जरा थांबून, "आज पहिल्यांदा चुकले ते." आणि वर निघून गेली. भांडायला आलेल्या माणसाची तिने अशी पंचाईत केली.

मी जेट्टीवर उतरले. दोर मीच बांधला.

"तो ठोका कुठे गेला?" त्याने विचारलं.

एवढ्यासाठी मी आले होते. मी सांगितलं. आवाज चढवला नाही. चकती, बाजू, फट. शनिवारचं माप, शनिवारचीच संध्याकाळ. तो म्हणाला, "माप बरोबर होतं. मी दोनदा घेतलं होतं."

"कोरड्यावर बरोबरच असतं."

तो बोलायला गेला आणि थांबला. त्याचा जबडा हलत होता, मनात जुळवत होता, मला तो चेहरा माहीत आहे. मग म्हणाला, "म्हणजे तू सांगत होतीस ते..."

"हो."

"पहिल्या दिवसापासून."

"हो."

मी वाट बघितली. माफी मागितली नाही त्याने. खुर्चीचा हात चाचपून शोधला आणि बसला. मला वाटलं होतं हे जिंकल्यासारखं वाटेल. थोडं वाटलं.

मग म्हणाला, "एकदा चालू कर ना परत. नीट ऐकू दे."

"नाही," मी म्हटलं.

त्याला दाखवता येणार नव्हतं, पण न ऐकवणं माझ्या हातात होतं. चांगलं चाललेलं इंजिन त्याला पाच मिनिटं, तेही परकं समजून ऐकायला मिळालं, तेवढं पुरे. पण इंजिन चालू करायचं नाही म्हटल्यावर शिडावर निघावं लागणार, आणि खाडीत पान हलत नव्हतं. हात दाखवून अवलक्षण. बोटीच्या काठावर बसून राहिले. तोही बसून. पाऊण वाजता नवीने दोन कप चहा आणून ठेवला आणि परत वर गेली.

त्याने विचारलं, शिडं जुनीच का? मी म्हटलं, जुनीच. त्याने विचारलं, एकटी आलीस? एकटी. मध्येच म्हणाला, डावा डोळा गेल्या वर्षी गेला, उजवा डिसेंबरमध्ये, आणि मला कळवू नका म्हणून त्यानेच लेकीला सांगितलं होतं. का, ते मी विचारलं नाही. त्याने सांगितलंही नाही. बरणीतल्या पाकळ्या मी त्याच्या तळहातावर ओतल्या. त्याने एकेक मोजल्या. "अकरा," म्हणाला, आणि खिशात ठेवल्या. माझा पुरावा होता तो, पण मी मागितला नाही.

साडेतीनला वारा आला. त्याने मान तिकडे वळवली, म्हणजे त्यालाही कळलं. वारा आलाय असं तो म्हणाला नाही, मीही नाही. मी पाच वाजता शिडं उघडली आणि निघाले.